आप्पांच्या सहा गोळ्या: कोणती मेंदूत कुठे काम करते आणि कोणती कुणाला आडवी येते

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं वडिलांबद्दल विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: "आप्पा ७१ वर्षांचे, शेतकरी. दीड वर्षापूर्वी चक्कर यायची म्हणून सिनारिझीन सुरू झाली, ती अजून चालू आहे. पोटात गॅस धरतो म्हणून पँटोप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूलही रोज. सात-आठ महिन्यांपूर्वी दोन्ही हात कापायला लागले, पावलं बारीक पडू लागली, चेहरा कोरा झाला. पार्किन्सन सांगून लेव्होडोपा-कार्बिडोपा ११० दिवसातून तीनदा आणि ट्रायहेक्सिफेनिडिल दिली. मग विसरायला लागले म्हणून दुसरीकडे डोनेपेझिल, झोप नाही म्हणून क्लोनाझेपाम. आता रात्री अंगणात माणसं उभी आहेत म्हणतात. मेंदूत नेमकं काय बिघडलंय? एवढ्या गोळ्या लागतात का? गावात एक जण म्हणतो, खाजकुयलीच्या बियांची पूड द्या, सगळं सुटेल."

तुमची यादी वाचताना मी आधी तारखा पाहिल्या. कोणती गोळी कधी आली आणि कोणतं लक्षण कधी आलं. सिनारिझीन आणि लेव्होसल्पिराइड आधी आल्या, हात नंतर कापायला लागले. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि तो न्यूरॉलॉजिस्टसमोर नीट मांडला गेला नसावा अशी मला शंका येते. आप्पांना न तपासता मी निदान करणार नाही. पण तुम्ही मेंदूबद्दल विचारलंय, म्हणून तिथून सुरुवात करतो. तो भाग समजला की सहा गोळ्यांचा गुंता तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली वीस टक्के एकटा मेंदू घेतो. वरचा सुरकुत्यांचा मोठा मेंदू विचार, भाषा, दृष्टी आणि हालचालीची आज्ञा सांभाळतो. मागे खाली लहान मेंदू असतो, तोल आणि नेमकेपणा त्याच्याकडे. दारू प्यालेला माणूस झोकांड्या खातो तो मुख्यतः हा भाग मंदावल्यामुळे. दोन्हींना पाठीच्या कण्याशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ श्वास, हृदयाचे ठोके आणि गिळणं पाहतो. आप्पांच्या दुखण्याशी मात्र याहून आतल्या भागाचा संबंध आहे. मोठ्या मेंदूच्या गाभ्यात मज्जापेशींचे काही पुंजके आहेत, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला एक काळसर पट्टा आहे, तो सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशींत मेलॅनिनसारखं रंगद्रव्य साठतं म्हणून तो काळा दिसतो. या पट्ट्यातल्या पेशी आपले लांब तंतू बेसल गँग्लियापर्यंत नेतात आणि तिथे डोपामिन सोडतात.

उसाला दारं धरताना एक सरी उघडायची तर बाकीच्यांची तोंडं मातीनं बंद ठेवावी लागतात. बेसल गँग्लियाचं काम तसंच आहे. हवी ती हालचाल मोकळी करायची, नको त्या दाबून धरायच्या. डोपामिन पुरेसं असेल तर हे सहज होतं. ते आटलं की हवी ती हालचालही मोकळी होत नाही. माणूस खुर्चीतून उठायला वेळ घेतो, पाऊल उचलत नाही, सही बारीक होत जाते, पापण्या कमी लवतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये हे चित्र लिहून ठेवलं. त्यामागे डोपामिन आहे हे कळायला त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचा ग्राहक ते पकडतो आणि संदेश पुढे जातो. अशी रसायनं असतात हे १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. पुढे बरीच सापडली. पेशीला चेतवणारं ग्लुटामेट, शांत करणारं गाबा, मनःस्थिती आणि झोपेशी जोडलेलं सेरोटोनिन, हालचाल आणि ओढ यांच्याशी जोडलेलं डोपामिन.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोळी रसायन ओळखते, जागा ओळखत नाही. डोपामिन फक्त हालचालीसाठी नसतं. मेंदूत त्याचे निदान चार मार्ग आहेत. एक हालचालीचा. दुसरा भावना आणि ओढीचा, तिसरा विचार आणि एकाग्रतेचा, चौथा पिच्युटरी ग्रंथीकडे जाणारा, जिथे ते दूध आणणारं प्रोलॅक्टिन दाबून धरतं. शिवाय मस्तिष्कस्तंभावर उलटीची सूचना देणारा एक ठिपका आहे, तिथेही डोपामिनचे ग्राहक आहेत. उलटी थांबवायची म्हणून डोपामिन अडवणारी गोळी दिली आणि ती मेंदूच्या आत पोचली, तर ती हालचालीच्या मार्गावरही डोपामिन अडवते.

आता सिनारिझीन. चक्करेची ही गोळी कॅल्शियमचे मार्ग अडवते असं सांगून दिली जाते आणि थोड्या दिवसांसाठी ती उपयोगी पडते. पण ती डोपामिनचे ग्राहकही अडवते. म्हाताऱ्या माणसानं ती महिनोन्महिने घेतली तर पार्किन्सनसारखीच लक्षणं येऊ शकतात. अर्धशिशीसाठी देतात ती फ्लुनारिझीन तिचीच बहीण. लेव्होसल्पिराइड तर सरळ डोपामिन अडवणारंच औषध आहे, आणि आपल्याकडे ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला लपून बसतं. घरचे "गॅसची गोळी" म्हणतात, डॉक्टरांनी विचारलं तर तिचं नावही घेत नाहीत, कारण गॅसच्या गोळीचा हाताच्या थरथरीशी काय संबंध असणार? उलटीची मेटोक्लोप्रामाइड आणि चक्कर-मळमळीची प्रोक्लोरपेराझीन याच घरातल्या. पार्किन्सनची शंका असलेल्या माणसाच्या घरातली प्रत्येक स्ट्रिप उलटून मागची बारीक अक्षरं वाचली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

औषधामुळे आलेला पार्किन्सन आणि खरा पार्किन्सन वेगळे ओळखायला काही खुणा आहेत. खरा आजार बहुधा एका बाजूनं सुरू होतो, एक हात किंवा एक पाय, आणि दुसरी बाजू पुढे मागून येते. औषधाचा असेल तर तो बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकदम येतो. तुम्ही "दोन्ही हात" लिहिलंय. खऱ्या आजारात कित्येक वर्षं आधी वास कमी होतो, बद्धकोष्ठ होतो, झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो. आईंना विचारा, असं काही होतं का? यातली कोणतीही खूण एकटी निर्णय देत नाही. साधा एमआरआयही देत नाही, तो दोन्हींत बहुधा नॉर्मलच येतो. म्हणून फक्त हा फरक ओळखायला एमआरआयवर पैसे घालू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं संशयित गोळी बंद करून वाट पाहणं, हीच मोठी परीक्षा. बहुतेकांत काही आठवड्यांपासून काही महिन्यांत फरक दिसतो. कधी सहा महिने, क्वचित त्याहून जास्तही लागतात. काहींचं मात्र पूर्ण जात नाही. त्यांच्यातल्या अनेकांत खरा आजार आतून सुरू झालेलाच असतो आणि गोळीनं तो लवकर उघडा पाडलेला असतो.

मूळ चक्करेकडेही पुन्हा पाहावं लागेल. अंथरुणात कूस बदलताना घर फिरल्यासारखं होत असेल तर कानातले कण सरकलेले असतात. त्यावर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवण्याचा उपाय आहे, गोळ्यांचा कोर्स लागत नाही. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब पडतोय. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी असा दोनदा बीपी मोजायला सांगा. पार्किन्सनमध्ये आणि लेव्होडोपानंही उभं राहिल्यावर बीपी पडतो, आणि सिनारिझीननं त्याचं काहीच भलं होत नाही.

लेव्होडोपाबद्दल लोक विचारतात, डोपामिन कमी आहे तर डोपामिनच का देत नाहीत? ते देता येतं. आयसीयूत रक्तदाब वाढवायला त्याचं ड्रिप लावतात. पण ते मेंदूत शिरत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या आहेत की रक्तातल्या बहुतेक गोष्टी आत जाऊ शकत नाहीत. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे, त्यामुळे अमिनो आम्लांना आत नेणारी वाहतूक त्यालाही आत घेते, आणि आत गेल्यावर एक विकर, म्हणजे रसायनाचं रूप बदलणारं प्रथिन, त्याचं डोपामिन करतं. अडचण अशी की वाटेत, आतड्यात आणि रक्तातही, तेच विकर त्याचं डोपामिन करून टाकतं. ते मेंदूला मिळत नाही, पण उलटीच्या त्या ठिपक्याला मिळतं, कारण तो ठिपका या भिंतीच्या बाहेर आहे. म्हणून जोडीला कार्बिडोपा. ते बाहेरचं विकर अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही.

आता आकड्याकडे या. '११०' म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. तीन गोळ्यांत कार्बिडोपा ३० मिलिग्रॅम झालं. बाहेरचं विकर नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. त्यामुळे या गोळीनं मळमळ होते आणि गुण कमी येतो. १०० अधिक २५ ची गोळी मिळते, तीन वेळा घेतली की कार्बिडोपा ७५ होतं. आप्पांना मळमळत असेल तर त्यावर आणखी एक गोळी वाढवण्याआधी हा बदल करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उलटीचं औषध द्यावंच लागलं तर डोम्पेरिडोन निवडतात, कारण ते मेंदूच्या भिंतीबाहेर राहतं. पण तेही कमी मात्रेत, थोडे दिवस आणि ईसीजी पाहून, कारण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मेटोक्लोप्रामाइड नकोच.

ही गोळी कशासोबत घ्यायची यालाही तितकंच महत्त्व आहे. प्रथिनं पचून त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि ती लेव्होडोपाच्याच वाटेवर त्याच्याशी स्पर्धा करतात. दुधाच्या पेल्यासोबत, मटकीच्या उसळीवर किंवा अंडी-मटणाच्या जेवणानंतर लगेच गोळी घेतली की दुपारी हात जास्त कापू शकतो. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक-दीड तासानं, पाण्यासोबत घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर आधी चार घोट नाचणीची आंबील द्यायला हरकत नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत निदान दोन तास ठेवा. प्रथिनं मात्र तोडू नका. या आजारात वजन आधीच घटतं, तेव्हा उसळ किंवा अंडं रात्रीच्या जेवणाकडे न्यायचं, एवढंच.

ट्रायहेक्सिफेनिडिल डोपामिन वाढवत नाही, ते ॲसिटिलकोलिन अडवतं. बेसल गँग्लियात या दोघांचा तोल असतो. डोपामिन कमी झालं की ॲसिटिलकोलिनचा जोर वाढतो, म्हणून ते दाबायचं अशी कल्पना. तरुण रुग्णाची थरथर यानं कमी होते. पण स्मरणशक्ती, मूत्राशय, आतडी, लाळ आणि डोळे हे सगळं ॲसिटिलकोलिनवर चालतं. सत्तरीतल्या माणसाला ही गोळी दिली की विसर पडतो, तोंड सुकतं, लघवी अडते, आणि रात्री नसलेली माणसं दिसू शकतात. आप्पांचा विसर या गोळीनंतर सुरू झाला असं तुम्हीच लिहिलंय. त्या विसरावर दिलेली डोनेपेझिल काय करते? ॲसिटिलकोलिन मोडणारं विकर अडवून ते वाढवते. म्हणजे एक डॉक्टर ॲसिटिलकोलिन अडवतोय आणि दुसरा वाढवतोय, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जातायत. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्याच्यासाठी नवी गोळी येते. म्हाताऱ्यांच्या औषधांत मला सर्वांत जास्त त्रास होतो तो हे पाहून.

शेतकरी घर आहे म्हणून इथेच आणखी एक सांगतो. डोनेपेझिल जे विकर सौम्यपणे अडवते, तेच विकर ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं जोरात अडवतात. फवारणीनंतर लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं आणि श्वास कोंडणं ही त्याच विषबाधेची लक्षणं. ॲट्रोपिन त्यावर चालतं ते याचमुळे, ते ॲसिटिलकोलिनला ग्राहकांवर बसू देत नाही. हे विष कातडीतूनही शिरतं. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि पार्किन्सनच्या वाढत्या धोक्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आप्पांनी आता पंप पाठीवर घेऊ नये. तुम्ही घेत असाल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न चुकता घाला.

क्लोनाझेपाम गाबाचा परिणाम वाढवते. मेंदू शांत होतो, झोप लागते, आणि रात्री लघवीला उठलेला म्हातारा धडपडून पडतो. मांडीचं हाड मोडलं की दुखण्याला वेगळंच वळण लागतं. झोपेत लाथा झाडण्याच्या त्रासावर ती कमी मात्रेत उपयोगी पडते हेही खरं, त्यामुळे ती कशासाठी दिली आहे ते विचारून घ्या. ही गोळी एकदम बंद करायची नसते, फिट येण्याचा धोका असतो. अपस्माराच्या रुग्णांची फेनोबार्बिटोन संपली आणि चार दिवस आणली नाही, तर तिथेही हेच होतं.

आता खाजकुयली, म्हणजेच कवचबीज. तुमच्या गावचा माणूस थापा मारत नाही. या बियांत लेव्होडोपाच असतं आणि ते त्यांतून वेगळं काढण्याचं काम १९३७ मध्ये मद्रासला झालं. खानापूरच्या रानात सर्पगंधाही मिळते, तिची गोष्ट याच्या बरोबर उलटी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसर्पिन मज्जापेशींतली डोपामिनची साठवण रिकामी करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन ससे निश्चल केले, मग लेव्होडोपा दिलं आणि ते पुन्हा हलू लागले. पार्किन्सनचा उपचार तिथून पुढे उलगडला, कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणून आप्पा बीपीसाठी कुणाकडून मुळी किंवा चूर्ण घेतात का, हे नक्की विचारा. सर्पगंधा असेल तर तीही संशयितांच्या यादीत गेली.

कवचबीज पूड मला नको वाटते ती तिच्यात औषध आहे म्हणूनच. पुडीगणिक लेव्होडोपाचं प्रमाण बदलतं, जोडीला कार्बिडोपा नसतं, आणि गोळी चालू असताना ती वाढवली की मात्रा किती झाली हे कुणालाच सांगता येत नाही. आप्पांना आधीच भास होतायत. डोपामिन वाढलं तर ते वाढतील, अंग वेडंवाकडं हलू लागेल, बीपी पडेल. गोळी जागा ओळखत नाही, हा नियम प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या पार्किन्सनच्या गोळ्यांनाही लागू आहे. त्या डोपामिनची नक्कल करतात आणि ओढीच्या मार्गावरही बसतात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा नाद अनावर होतो. आयुष्यभर मटक्याला न शिवलेला माणूस रोज आकडा लावू लागला तर घरच्यांनी त्याला दोष देत बसू नये, डॉक्टरांना सांगावं. पुढे कधी आप्पांना यातली गोळी लागली तर हे ध्यानात असू द्या.

भासांसाठी कुणी हॅलोपेरिडॉल सुचवलं तर स्पष्ट सांगा की पार्किन्सनची शंका आहे. ते डोपामिन घट्ट अडवतं आणि माणूस लाकडासारखा ताठ होतो. आधी ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू कमी करून भास जातात का ते पाहतात. लघवीत जंतुसंसर्ग आहे का, पाणी कमी पडलंय का, हेही तपासतात. त्यानंतरही औषध लागलंच तर क्वेटियापिनसारखं कमी मात्रेत देतात.

आपल्या भागात हा गुंता जास्त होतो, कारण तालुक्यातला माणूस एकाच वर्षात बेळगाव, कोल्हापूर, मिरज आणि चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात बांबोळीचा दवाखाना असं सगळीकडे जाऊन येतो. प्रत्येक ठिकाणी वेगळी फाईल होते आणि जुनी घरीच राहते. पुढच्या वेळी फाईल विसरली तरी चालेल, पण घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, मुळ्या एका पिशवीत घालून न्या. प्रत्येकीवर सुरू केल्याचा महिना लिहा. आप्पा चालताना, खुर्चीतून उठताना आणि मांडीवर हात ठेवून बसलेले असताना मोबाईलवर थोडं चित्रण करा, एकदा गोळीआधी, एकदा गोळीनंतर तासाभरानं. मग न्यूरॉलॉजिस्टना चार प्रश्न विचारा. सिनारिझीन आणि लेव्होसल्पिराइड आजच थांबवायच्या का? ट्रायहेक्सिफेनिडिल कशी उतरवायची? ती उतरल्यावर डोनेपेझिलची गरज उरेल का? आणि कार्बिडोपा वाढवायचं का?

स्वतःच्या मनानं लेव्होडोपा एकदम बंद करू नका. ती अचानक तुटली तर क्वचित तीव्र ताप येतो, अंग कडक होतं, शुद्ध हरपते. असं झालं, घास किंवा पाणी गिळताना ठसका लागू लागला, किंवा लघवी पूर्ण अडली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, गोळ्यांची ती पिशवी सोबत घेऊन.